दोन किलोमीटरांचे सुख

दरवर्षी ३ जून आला की सायकलीचे गुणगान सुरू होते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१८ साली हा दिवस जागतिक सायकल दिन म्हणून घोषित केला आणि तेव्हापासून त्याला एक ठरावीक कार्यक्रमपत्रिकाच लाभली आहे. सकाळी फेरी निघते, पाहुणे हिरवा झेंडा दाखवतात, टोप्या वाटल्या जातात, आरोग्य, पर्यावरण आणि इंधनबचत या तीन विषयांवर भाषणे होतात आणि पाहुणे आपापल्या मोटारींतून घरी परततात. उरलेले वर्षभर सायकल जिन्याखाली. २०२० साली तर नियतीने थट्टाच केली. ‘ॲटलास’ या एकेकाळच्या अग्रगण्य कंपनीचा साहिबाबाद येथील कारखाना नेमका याच दिवशी बंद पडला.

या भाषणांत सांगितले जाते ते खोटे नसते. सायकलीने प्रकृती सुधारते, धूर होत नाही, पैसे वाचतात. पण हे सारे ज्या सुरात सांगितले जाते, तो सूर कारल्याचा रस पाजणाऱ्याचा असतो. गोड नाही, पण गुणकारी आहे, डोळे मिटून घ्या! सायकल चालवताना मजा येते, हे मात्र कोणी बोलत नाही. ज्या वाहनावर बसल्यावर दहा वर्षांचे पोर आणि सत्तरीचे आजोबा यांच्या चेहऱ्यावर सारखाच भाव उमटतो, त्याची शिफारस करताना रक्तदाबाचे आकडे कशाला द्यावे लागतात, हे कोडेच आहे.

प्रस्तुत लेखात सांगायचे आहे ते या मजेविषयीच. त्यातही पन्नास-शंभर किलोमीटरच्या मोहिमांविषयी नव्हे. त्या करणाऱ्यांबद्दल आदर आहे, त्यांचे वर्णन त्यांनीच करावे. येथे विषय आहे तो दीड-दोन किलोमीटरच्या फेरीचा, म्हणजे दळणाचा डबा, टपाल, भाजी, कुणाची विचारपूस. ज्यासाठी पूर्वी सायकलच निघत असे आणि आता बटण दाबून गाडी सुरू केली जाते, त्या कामांचा.

वर्ध्याहून नागपूरकडे निघाले की आठ-दहा किलोमीटरवर धाम नदी लागते आणि नदीकाठी पवनार. नाव महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांना विनोबांमुळे ठाऊक आहे, इतिहासाच्या अभ्यासकांना वाकाटकांमुळे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार, असे मत मांडले. पुढे काही संशोधकांनी तो मान रामटेकजवळच्या मनसरला दिला. वाद विद्वानांचा आहे. आम्हा रहिवाशांना एवढेच कळते की गाव जुने आहे, उंचसखल आहे आणि त्याच्या गल्ल्या मोटारींसाठी आखलेल्या नाहीत.

अशा गावात सायकलीवरचा दोन किलोमीटरचा फेरा म्हणजे आठ-दहा मिनिटांचा मामला. पायी गेले तर पंचवीस मिनिटे लागतात, दुचाकीने चार. म्हणजे हिशेब केला तर दुचाकीने वाचतात पाच-सहा मिनिटे. आता ती पाच-सहा मिनिटे वाचवून आपण काय करतो, हे ज्याचे त्याने पाहावे. पण त्या मिनिटांत काय काय हरवते, हे मी सांगू शकतो. पिठाच्या गिरणीकडून येणारा ज्वारीच्या ताज्या पिठाचा उबदार वास दुचाकीवर नाकापर्यंत पोहोचत नाही. कुंपणापलीकडे तुरीला शेंगा धरल्या की नाही, हे दिसत नाही. ओसरीवर बसलेल्या म्हातारबाबांनी हात वर केला, तर त्यांना उत्तर देईपर्यंत आपण पुढच्या वळणावर असतो. सायकलीचा वेग असा की माणूस दिसतो, ओळखू येतो, ‘काय म्हणता?’ विचारता येते आणि थांबायचे नसेल तर न थांबताही उत्तर ऐकता येते. पायी चालणाऱ्याला ही शेवटची सोय नसते. त्याला थांबावेच लागते. गावातल्या बोलक्या मंडळींना ओळखणाऱ्यांना या सोयीचे मोल सांगायला नको.

नदीकडे उतार आहे. पाय स्थिर ठेवून सायकल सोडून द्यावी, मागच्या चाकातून फ्रीव्हीलची बारीक टिकटिक सुरू होते आणि कानांना वारा लागतो. आश्विन-कार्तिकात हा वारा असा काही असतो की मोठ्या माणसालाही उगाच घंटी वाजवावीशी वाटते. परतताना तोच उतार चढ होतो आणि घेतलेले सुख व्याजासह फेडावे लागते. मांड्या भरून येतात, दम लागतो, वर पोहोचल्यावर घाम आणि वारा यांची गाठ पडते. गाडीच्या थंडाव्यात बसून जे मिळत नाही, ते हेच. उकाडा विकत घेतल्याशिवाय गारवा कळत नाही.

आता वैदर्भीय वाचक म्हणतील, आश्विन-कार्तिकाचे ठीक आहे, वैशाखाचे काय? रास्त प्रश्न आहे. पारा पंचेचाळिशीकडे सरकतो तेव्हा दुपारी सायकल काढणे हा पराक्रम नव्हे, अविचार आहे. पण आपल्या भागात उन्हाळ्यात शहाणा माणूस कामे सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीला उरकतो, तेव्हा सायकलीनेही तेच वेळापत्रक पाळावे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये असा बसतो की चाक फिरायचे थांबते. त्या दिवशी सायकलीला सुट्टी द्यावी. बाभळीचे काटे बारमाही आहेत. त्यांच्यावर इलाज एकच, पंक्चरवाल्याशी स्नेह. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबून बुडबुडा शोधणारा तो माणूस गावातील बहुतेक बातम्यांचा पहिला वाचक असतो, हे पत्रकारितेत आयुष्य घालवलेला माणूस अनुभवाने सांगतो.

विनोबांचे नाव वर आलेच आहे. ते सायकलीचे नव्हे, पायांचे पुरुष. १९५१ साली पोचमपल्लीला भूदानाचा आरंभ झाला आणि त्यानंतर तेरा वर्षे ते देशभर चालले. तरीही थोड्या मात्रेतील श्रमाविषयीचा त्यांचा पवनारचा अनुभव आपल्या विषयाला फार जवळचा आहे. १९३८ साली त्यांची प्रकृती पार खालावली होती. वजन अठ्ठ्याऐंशी पौंडांवर आले होते. गांधीजींनी हवापालटाचा आग्रह धरला, थंड हवेची ठिकाणे सुचवण्यात आली आणि विनोबांनी निवडले पवनार! जमनालालजी बजाज यांचे घर तेथे रिकामे होते. ७ मार्च १९३८ रोजी मोटार धामवरील पूल ओलांडत असताना त्यांनी मनोमन सर्व कामांचा संन्यास घेतला. आणि येथे आल्यावर त्यांनी उपचार कोणता केला? कुदळ घेऊन जमीन खणली. पहिल्या दिवशी अवघी पाच मिनिटे, मग रोज थोडी थोडी वाढवत. काही महिन्यांत वजन चाळीस पौंडांनी वाढले. पुढे याच परिसराच्या खोदाईत भरत-राम भेटीचे ते प्रसिद्ध शिल्प मिळाले, जे आज आश्रमात पूजेला आहे. कुदळ मारताना मूर्ती सापडेल, असा हेतू नव्हता. रोजच्या लहान श्रमात असे अकल्पित काही हाती लागते, एवढे खरे.

विनोबांनी श्रम आजारपणात औषध म्हणून घेतला आणि त्यात त्यांना रस वाटू लागला. आज व्यायामशाळेत दरमहा शुल्क भरून, एका जागी खिळवलेल्या सायकलीवर, समोरच्या भिंतीकडे पाहत पायडल मारणारी मंडळी पाहिली की वाटते, यांचे औषध कधी अन्न होणारच नाही. कारण ती सायकल कोठेही जात नाही. तिच्या कॅरिअरवर दळण येत नाही. आणि घरचे दळण आणायला हीच मंडळी दुचाकी काढतात.

गांधीजी मात्र सायकल चालवीत, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९०४ साली जोहान्सबर्गच्या हिंदी वस्तीत प्लेगची साथ उसळली. मदनजितांनी एका रिकाम्या घराचे कुलूप तोडून रुग्णांना आत ठेवले आणि गांधीजींना चिठ्ठी पाठवली. आपण सायकलीवरून वस्तीत गेलो आणि तेथून नगरपालिकेला पत्र लिहिले, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. तेव्हा ते चांगली वकिली चालणारे बॅरिस्टर होते. बॅरिस्टरने सायकलीवर बसावे, यात त्या काळी कोणाला कमीपणा दिसत नसे.

खरे तर उलटेच होते. आपल्याकडे सायकल आली तीच प्रतिष्ठेची वस्तू म्हणून. १८८८ साली डनलॉपने हवा भरलेल्या टायरचा शोध आपल्या नावे नोंदवला आणि त्याच साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी सायकलींचे दुकान काढले. किर्लोस्करांचे सारे औद्योगिक वैभव त्या दुकानातून उगवले. पुढची साठ-सत्तर वर्षे मराठी मध्यमवर्गाची खरी वाहिनी सायकलच होती. शिक्षक, कारकून, पोस्टमन, वैद्य, वकील सारे तिच्यावर. ज्यांच्या घरी नव्हती, ते तासाच्या भाड्याने घेत. दुकानदार वहीत वेळ लिहून ठेवी आणि पाच मिनिटे उशीर झाला तर पोर गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरून, ‘आत्ताच तर नेली होती’ असा चेहरा करून येई. दांडीखालून पाय घालून ‘कैची’ मारणे, मग दांडीवर, मग एकदाचे सीटवर, अशी ती शिक्षणाची चढती श्रेणी होती. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसवले तर पोलीस अडवत. सायकलीचा बिल्ला दरवर्षी नगरपालिकेत पैसे भरून घ्यावा लागे. आज ज्या वाहनाला रस्त्यावर कोणी गणतीत धरत नाही, त्याचा एके काळी कर होता, परवाना होता आणि गुन्हाही होता!

मग स्कूटर आली. आणि इतिहासाची गंमत अशी की ज्या घराण्याने ती आणली, त्याची मुळे वर्ध्याची. जमनालालजींनी गांधीजींना वर्ध्यात आणले आणि विनोबांना पवनारचे घर दिले. त्यांच्याच वारसांच्या उद्योगाने १९६०च्या दशकात स्कूटर घरोघर नेली आणि १९७२ साली ‘चेतक’ आणली. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणे हा तेव्हाचा रिवाज होता. ती दारात आली की तिला हळदकुंकू वाहिले जाई आणि त्याच संध्याकाळी सायकल मागच्या अंगणात जाई. यात बजाजांचा दोष काढण्याचे कारण नाही. बायको-मुलांना घेऊन वीस किलोमीटरवरच्या लग्नाला जायचे, तर स्कूटर हे वरदानच होते. दोष असेल तर तो वीस किलोमीटरचे वाहन आपण दोन किलोमीटरलाही वापरू लागलो, याचा आहे. ती सवय कशी जडली, कुणाच्या लक्षातही आले नाही.

२०११च्या जनगणनेने शंभरांतील जवळजवळ पंचेचाळीस घरांत सायकल आणि एकवीस घरांत स्वयंचलित दुचाकी नोंदवली होती. दहा वर्षांपूर्वी, २००१ साली, सायकलीचा आकडा सुमारे चव्वेचाळीस आणि दुचाकीचा बाराच्या आत होता. म्हणजे सायकल नाहीशी झालेली नाही. ती आपल्या घरांतून नाहीशी झाली. तिचे दोन तुकडे झाले, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. एक तुकडा पहाटे दुधाच्या कॅन लटकवून शहरात येणाऱ्या गवळ्याकडे, बांधकामावर जाणाऱ्या मजुराकडे गेला. त्याला नाइलाज म्हणतात. दुसरा तुकडा रविवारी सकाळी शिरस्त्राण आणि अंगाला चिकटणारे कपडे घालून निघणाऱ्या हौशी मंडळींकडे गेला. त्याला छंद म्हणतात. मधली, साध्या कपड्यांत, पिशवी अडकवून निघणारी, नाइलाजही नसलेली आणि छंदही नसलेली सायकल गेली. परिणामी सदरा-पायजमा घातलेला, बरी परिस्थिती असलेला गृहस्थ सायकलवर दिसला, की लोक थबकून काळजीने विचारतात, ‘काहून भाऊ, गाडी बिघडली काय?’ हा प्रश्न मला पवनारात इतक्यांदा विचारला गेला आहे की मी हल्ली ‘हो’ म्हणतो. ते लवकर समजते.

या साऱ्याला वेगळ्या कोनातून पाहणारा एक पाश्चात्त्य विचारवंत वर्धा जिल्ह्याच्या मातीत येऊन गेला आहे. इव्हान इलिच हे त्याचे नाव. १९७८च्या जानेवारीत ते सेवाग्रामला आले होते. बापूकुटीत बसून त्यांना काय उमगले, ते त्यांनी तेथील भाषणात सांगितले आणि ते भाषण पुढे अनेक ठिकाणी छापले गेले. त्याच्या चार वर्षे आधी, १९७४ साली, त्यांनी ऊर्जा आणि समता या विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले होते. त्यातील एक हिशेब असा. सर्वसामान्य अमेरिकी गृहस्थ आपल्या मोटारीसाठी वर्षाला सोळाशे तास देतो. यात मोटार चालवण्याचा वेळ आला, ती उभी करायला जागा शोधण्याचा आला आणि मुख्य म्हणजे तिचे हप्ते, विमा, इंधन, दंड यांचे पैसे मिळवण्यासाठी राबण्याचा वेळ आला. या सोळाशे तासांत तो जातो साडेसात हजार मैल. म्हणजे ताशी पाच मैलांहून कमी! भरभर चालणारा माणूस याच्या फार मागे नसतो. आणि सायकलवाला? इलिच म्हणतात, तो पादचाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेगाने जातो आणि शक्ती मात्र त्याच्या एक पंचमांश खर्चतो.

आपल्या घरातील दुचाकीचा, मोटारीचा असा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहायला हरकत नाही. पण मला त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. मोटारीने वेळ वाचतो असे आपण म्हणतो, तेव्हा तो वेळ आधी दुसरीकडे मोजून दिलेला असतो. सायकलीवर दिलेली दहा मिनिटे मात्र तिथल्या तिथे परत मिळतात, कारण ती वाया गेली असे वाटतच नाही.

हे सुख केवळ चैनीचे नाही, हे ज्यांच्यामुळे कळते त्या म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुली. १९९०च्या दशकाच्या आरंभी तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकवण्यात आली आणि हजारो जणी शिकल्या. बिहारमध्ये २००६ साली नववीतील मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य देण्याची योजना निघाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा मुलींच्या माध्यमिक शाळाप्रवेशात ३२ टक्के वाढ दिसली आणि मुलगे-मुली यांच्यातील अंतर ४० टक्क्यांनी घटलेले आढळले. सर्वाधिक फरक पडला तो शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. निळ्या-पांढऱ्या गणवेशातील तीन-चार मुली एका ओळीत सायकली हाणत, एकमेकींशी मोठमोठ्याने बोलत जाताना दिसतात. त्या शिक्षणाचा हक्क बजावत आहेत, हे खरेच. पण त्या क्षणी त्या जे करत असतात, त्याला गप्पा म्हणतात आणि घर व शाळा यांच्यामधली ती वीस मिनिटे पूर्णपणे त्यांची स्वतःची असतात. मुलीला बापाच्या दुचाकीवर मागे बसून शाळेत जायला लागले, की ही वीस मिनिटे संपतात.

सुखवस्तू घरांतील मुलांचे तर हेच होत आहे. दीड किलोमीटरवरची शाळा, तरी दारात पिवळी गाडी. कारण विचारले तर आई-वडील सांगतात, रस्ता धड नाही. आणि येथे त्यांना खोटे ठरवता येत नाही. सायकलीचे सुख सायकलीत जेवढे असते, तेवढेच ते रस्त्यात असते.

आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग २०२५च्या जूनमध्ये मुंबईपर्यंत पूर्ण झाला. त्यावर सायकलच काय, मोटारसायकललाही मज्जाव आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. तो रस्ता त्या वेगासाठीच आहे. तक्रार आहे ती गावांना चिरत जाणाऱ्या जुन्या रस्त्यांची. चौपदरी झाले, गुळगुळीत झाले, मध्ये दुभाजक आला. गावाचा एक भाग या बाजूला, शाळा किंवा बाजार त्या बाजूला. दुभाजकाला जेथे तोंड असेल तेथपर्यंत जाऊन वळून यायचे, तर दोनशे मीटरच्या कामाला दीड किलोमीटर पडतात. म्हणून म्हातारेकोतारे आणि पोरे उलट्या दिशेने कडेकडेने सायकल काढतात आणि समोरून ट्रक येतो. मग त्यांना बेशिस्त म्हणायचे! ज्याने रस्ता आखला, त्याच्या कागदावर हा सायकलवाला होताच कुठे? बाजूपट्टी असते, पण तिच्यावर खडी पसरलेली, दुकानाचे फलक मांडलेले, गाड्या लावलेल्या. पुण्यासारख्या, एके काळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या नगरात २००८च्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धांच्या सुमारास सायकलमार्ग झाले. त्यांचे पुढे काय झाले, हे पुणेकर वाचकांना ठाऊक आहे.

हॉलंडचे उदाहरण दिले की लोक म्हणतात, तो देश सपाट आहे, हवा थंड आहे, त्यांची गोष्ट वेगळी. पण तेथेही १९५० आणि ६०च्या दशकांत मोटारींनी सायकली रस्त्यावरून हाकलल्याच होत्या. एकट्या १९७१ साली त्या चिमुकल्या देशात वाहन-अपघातांत चारशेहून अधिक मुले दगावली. एका पत्रकाराची मुलगी त्यांत होती. त्याने ‘बालहत्या थांबवा’ या अर्थाच्या मथळ्याखाली लेख लिहिला, आई-बाप रस्त्यावर उतरले, त्याच मथळ्याच्या नावाने आंदोलन उभे राहिले आणि सरकारला रस्ते नव्याने आखावे लागले. आज जे सपाट देशाचे भाग्य वाटते, ते चिडलेल्या पालकांनी मागून घेतलेले आहे. आपल्याकडे पालक चिडत नाहीत, ते दुसरी गाडी घेतात.

या अंकाच्या अनेक वाचकांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट जिव्हाळ्याची आहे, म्हणून तिचा उल्लेख करतो. आपल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणी कुठेही वाचा, त्यांत सायकल असतेच. गृहसंपर्क सायकलवर, सायंकाळचा प्रवास सायकलवर, एखाद्या घरचा निरोप दुसऱ्या गावी सायकलवर. हे दारिद्र्याचे कौतुक नव्हे. साधने नव्हती, म्हणून सायकल होती. पण त्यामुळे घडत असे ते असे, की सायकलवरच्या कार्यकर्त्याला रस्त्यावरचा कोणीही थांबवू शके. मोटारसायकलवरच्या कार्यकर्त्याने मनात आणले तरच तो थांबतो. ठरलेल्या घरी दोघेही पोहोचतात. न ठरलेल्या घरी पहिलाच जातो. आज दुचाकींच्या फेऱ्या निघतात, शंभर-दोनशे गाड्या, कर्कश भोंगे. बघणारे बाजूला सरकतात, बोलायला पुढे येत नाहीत. लांबच्या प्रवासाला गाडी हवी, याबद्दल दुमत नाही. पण वस्तीतल्या वस्तीत, गावातल्या गावात फिरायचे असेल तर आठवड्यातून दोन संध्याकाळी सायकल काढून पाहावी. किती जण नावाने हाक मारतात, ते मोजावे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. हे वाचून कोणाला सायकल काढावीशी वाटली, तर प्रथम जिन्याखालची पाहावी. तिला मेलेली समजू नये. ट्यूबा सुकलेल्या असतात, साखळीला गंज चढलेला असतो, ब्रेकचे रबर दगडासारखे झालेले असते. दुरुस्तीवाला हे सारे अर्ध्या दिवसात आणि दुचाकीच्या एका सर्व्हिसिंगहून कमी पैशांत करून देतो. नवीच घ्यायची असेल, तर मात्र सावध राहावे. हल्ली दुकानात मांडलेल्या झगमगीत सायकलींना गिअर असतात, जाड टायर असतात, पण कॅरिअर नसते, मडगार्ड नसते, पुष्कळदा स्टँडही नसतो. ज्याने ती बनवली, त्याने तिच्यावरून कोणी दळण आणील अशी कल्पनाच केलेली नसते. विक्रेता सांगेल की कॅरिअरने सायकलीची शोभा जाते. तरीही दुकानाबाहेर पडण्यापूर्वी कॅरिअर, दोन्ही मडगार्ड आणि स्टँड बसवून मागावा आणि घंटी हाताने वाजवून पाहावी. डबा बांधायला रुंद रबरी पट्टा लागतो. तो पंक्चरवाल्याकडे जुन्या ट्यूबचा कापून मिळतो, बहुधा फुकट.